भिंत उचकटण्याआधी: जुन्या मोटरहोमच्या बाहेरच्या दिव्यांचं वायरिंग कसं शोधावं

अमेरिकेत तीसेक वर्षं जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, नव्या गाडीच्या मानाने बरीच स्वस्त मिळते. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री लक्षात येतं की टपावरचे निम्मे दिवे बंद आहेत, एक इंडिकेटर मिणमिणतोय आणि ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. हा लेख फोर्ड ई-३५० चासीवर बांधलेल्या, १९९०च्या दशकातल्या क्लास सी मोटरहोमला धरून लिहिला आहे. क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर पलंगाचा भाग पुढे आलेला असतो ती. शेवरोलेच्या पी-३० चासीवरच्या जुन्या क्लास ए (बससारख्या दिसणाऱ्या) गाड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, वायरींचे रंग तेवढे वेगळे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. भिंतीच्या पोटात वायर मधोमध तुटलेली क्वचितच निघते. वायर मरते ती टोकांशी: होल्डरमध्ये, जोडात, अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) स्क्रूखाली, बंपरमागच्या सॉकेटमध्ये. म्हणून पॅनेल काढायचा विचार सगळ्यात शेवटी.

एकाच गाडीत दोन गाड्या

मोटरहोममध्ये १२ व्होल्टचं वायरिंग दोन स्वतंत्र हातांनी केलेलं असतं: एक चासी बनवणाऱ्याचा, दुसरा तिच्यावर घराचा भाग बांधणाऱ्या कोचवाल्याचा. हेडलाइट, टेल लाइट, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि टपावरचे मार्कर दिवे चासीच्या बॅटरीवर चालतात. दारावरचा पिवळसर पोर्च लाइट, सामानाच्या कप्प्यांतले दिवे, पायरीचा दिवा हे घराच्या, म्हणजे मागच्या हाऊस बॅटरीवर. काही गाड्यांत बाहेरच्या बाजूला १२० व्होल्टचं सॉकेटही असतं. ते तिसरं प्रकरण.

कुठला दिवा कुठल्या बॅटरीचा, हे ठरवायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद करा. बाहेरून आलेली विजेची केबल काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, मग हाऊस बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. आता जे दिवे लागतात ते चासीचे. इंजिन बंद ठेवणं महत्त्वाचं, कारण इंजिन चालू असताना आयसोलेटर किंवा सोलेनॉइड दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडतो आणि मग सगळंच सगळ्यावर चालल्यासारखं दिसतं. बाहेरची केबल लावलेली असेल तर कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करणारं यंत्र) हाऊस बॅटरी नसतानाही घराच्या दिव्यांना १२ व्होल्ट पुरवत राहतो. या दोन गोष्टींपायी नवखा माणूस अख्खी दुपार चुकीचा फ्यूज बॉक्स तपासत बसतो.

पोर्च लाइट बंद असेल तर आधी दाराजवळचा आतला स्विच आणि कन्व्हर्टरजवळचे फ्यूज पाहा. त्यात फारसं गूढ नसतं. खरी डोकेदुखी चासीच्या दिव्यांची, तेव्हा पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

टपावर इतके दिवे का असतात

अमेरिकेच्या वाहन-दिव्यांच्या नियमानुसार ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला पुढे वर दोन्ही कोपऱ्यांत एकेक आणि मधोमध तीन असे पाच पिवळे-नारिंगी दिवे लागतात. मागे तसेच पाच लाल. शिवाय बाजूंना पुढे नारिंगी, मागे लाल साइड मार्कर. गाडी ३० फूट किंवा त्याहून लांब असली तर बाजूच्या मधोमध आणखी एकेक नारिंगी. म्हणजे साध्या रुंद गाडीला मार्करच किमान चौदा.

जुन्या गाड्यांत या दिव्यांत बहुधा १९४ नंबरचा, पाचरीसारखा खुपसायचा छोटा बल्ब असतो. तो ०.२७ अँपिअर घेतो. टपावरचे दहा मिळून २.७ अँपिअर, बाजूचे चार धरले तर पावणेचारच्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे वायर आणि फ्यूज निवडताना लागतील. मागच्या मोठ्या दिव्यांत ११५७ असतो, दोन फिलामेंटचा: ब्रेक-इंडिकेटरचं फिलामेंट २.१ अँपिअरचं, टेलचं ०.५९ चं. रिव्हर्सला ११५६, एका फिलामेंटचा. ११५७ च्या बुडाच्या दोन खुंट्या कमीजास्त उंचीवर असतात, ११५६ च्या समोरासमोर. कुणीतरी आधी जोर करून भलताच बल्ब कोंबलेला असणं अगदी नेहमीचं आहे.

आपल्याकडच्या गाड्यांची सवय असेल तर एक फरक ध्यानात घ्या. भारतात इंडिकेटर पिवळा आणि वेगळा असतो. या गाड्यांत पुष्कळदा मागचा लाल ब्रेक लाइटच इंडिकेटर म्हणून उघडझाप करतो, दोन्हींना एकच फिलामेंट, एकच वायर. ब्रेकचा करंट स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचमधून फिरून मागे जातो. त्यामुळे दोन्ही इंडिकेटर चालतात पण ब्रेक लाइट एकही लागत नाही, असं असेल तर मागे जाऊ नका. मागची वायर, बल्ब, अर्थ सगळं ठीक आहे हे इंडिकेटरनेच सिद्ध केलं. दोष ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचमध्ये, त्याच्या फ्यूजमध्ये किंवा इंडिकेटर स्विचमध्ये.

काय हाताशी हवं

डिजिटल मल्टिमीटर. बल्बवाला साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. एलईडीवाला नको, कारण पुढे येईलच. तीस फूट लांबीची एक १६ गेजची वायर, दोन्ही टोकांना क्लिप, आणि पॉझिटिव्हसाठी वापरताना तिच्यात ५ अँपिअरचा फ्यूज. वायर शोधायचा टोन जनरेटर आणि त्याचा प्रोब. दहा-बारा १९४ बल्ब, चार ११५७. बारीक पितळी ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, डायइलेक्ट्रिक ग्रीस. गोंदवाल्या हीट-श्रिंक बट कनेक्टरचं (दोन वायरी टोकाला टोक जोडायच्या, तापवल्यावर आवळणाऱ्या नळ्या) पाकीट आणि ते दाबायचा खरा क्रिंपिंग पाना. पक्कडीने दाबलेला जोड वर्षभरात सुटतो. पाणी अडवणाऱ्या चिकट ब्युटाइल टेपचा एक रोल.

आणि शिडी. या गाड्यांची उंची दहा फुटांच्या वर जाते. जुन्या टपाचं प्लायवूड पाण्याने मऊ झालेलं असू शकतं, तेव्हा जमेल तितकं शिडीवरून करा. टपावर जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका. गाडीखाली जायचं तर सपाट जागा, चाकांना अडसर, आणि जॅकच्या भरवशावर अजिबात नाही.

आधी तक्ता, मग हत्यार

संध्याकाळी अंधार पडला की एका माणसाला स्टिअरिंगवर बसवा आणि तुम्ही कागद घेऊन गाडीभोवती फिरा. गाडीचं चारही बाजूंनी ओबडधोबड चित्र काढून प्रत्येक दिव्याला नंबर द्या. मग क्रमाने: फक्त पार्किंग, पार्किंगसकट डावा इंडिकेटर, उजवा, चारही, ब्रेक, पार्किंगसकट ब्रेक, रिव्हर्स. प्रत्येक वेळी प्रत्येक दिवा लागतो, मंद लागतो, बंद आहे की लुकलुकतोय, ते लिहा. सगळं बंद ठेवून फक्त ब्रेक दाबल्यावर काय होतं तेही लिहा. ही नोंद पुष्कळ जण गाळतात आणि नेमकी तीच जास्त बोलते.

हा तक्ताच निम्मं निदान करतो. टेल, मार्कर, नंबरप्लेटचा दिवा सगळं बंद असेल तर पार्किंगचा फ्यूज किंवा हेडलाइटचा स्विच. टेल लाइट चालू पण वरचे सगळे बंद असतील तर कोचवाल्याने चासीच्या वायरीवर जिथून फाटा काढला तो जोड. पुढचे पाच बंद, मागचे पाच चालू असले तर फक्त पुढचा फाटा. पाचातला एकच बंद असेल तर बल्ब किंवा होल्डर, दुसरं काही शोधायला जाऊ नका. सगळेच मंद असतील तर अर्थ. आणि ब्रेक दाबल्यावर टपावरचे दिवे मंदसे उजळले, तर मागच्या एखाद्या ११५७ चा अर्थ गेला आहे, डोळे मिटून.

या शेवटच्या प्रकाराचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ११५७ ची दोन्ही फिलामेंट बल्बच्या पितळी बुडाशी एकत्र येतात आणि तिथून अर्थला जातात. होल्डरचा अर्थ तुटला की ब्रेकच्या करंटला बाहेर पडायला वाट नाही. मग तो टेलच्या फिलामेंटमधून उलटा चढतो, टेलच्या वायरीत शिरतो आणि त्या वायरीवरच्या बाकीच्या बल्बांतून त्यांच्या अर्थला उतरतो. म्हणून पाय ब्रेकवर आणि उजेड टपावर. वायरिंगची अदलाबदल झाली असं समजून लोक जोड सोडतात आणि एका दोषाचे तीन करून ठेवतात.

एक दिवा उघडून बघू

बंद असलेल्यांपैकी हाताला सोपा पडेल असा एक मार्कर निवडा. काच काढताना घाई नको. तीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. स्क्रू असतील तर ते, नसतील तर खालच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच पीळ द्या.

आत बहुधा हे दिसेल: बल्बच्या दोन पातळ तारा काळ्या पडलेल्या, होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवी पूड, तळाशी वाळलेल्या मातीचा थर आणि एखादी मेलेली गांधीलमाशी. मागे भोकातून दोन वायरी येतात. एक पांढरी, ती अर्थची. दुसरी तपकिरी किंवा कोचवाल्याकडे त्या दिवशी जी होती ती. पुष्कळदा पाचही दिवे एकाच फीडवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) साखळीने जोडलेले असतात, तेव्हा प्रत्येक होल्डरमागे दोन आलेल्या आणि दोन गेलेल्या वायरी असतात, फीडच्या एका दाबलेल्या जोडात आणि अर्थच्या दुसऱ्या. काही गाड्यांत पांढरी वायरच नसते. दिव्याचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या पत्र्यात घुसवून तोच अर्थ केलेला असतो. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते आणि अर्थ संपतो.

पार्किंग चालू ठेवून टेस्ट लॅम्पची क्लिप होल्डरच्या अर्थच्या पट्टीला लावा, टोक फीडच्या पट्टीला. लॅम्प भक्क लागला तर दोष बल्बमध्ये किंवा बल्ब नीट टेकत नाही त्यात. पट्ट्या ब्रशने घासा, बोटाने किंचित आत वाकवा, नवा बल्ब, ग्रीसचा पातळ हात, झालं. लॅम्प लागला नाही तर क्लिप काढून आपल्या लांब वायरीने थेट चासी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि पुन्हा टोक लावा. आता लागला? फीड ठीक, अर्थ गेलेला. अजूनही नाही? फीडच येत नाही. या दोन टोचण्यांनी निम्मं वायरिंग शंकेबाहेर जातं.

मल्टिमीटरवर इथे विसंबू नका. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या उरलेल्या, कुजक्या तारेतूनही तो १२ व्होल्ट दाखवतो आणि दिवा मात्र लागत नाही. बल्बवाला टेस्ट लॅम्प त्या तारेवर खरा भार टाकतो, म्हणून तिची लबाडी उघडी पडते. एलईडीवाला लॅम्प याच कारणासाठी नको म्हटलं. मात्र स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. तिथे टेस्ट लॅम्प, मीटर, काहीच टोचायचं नाही.

अर्थ: सगळ्यात आधी, सगळ्यात स्वस्त

दिवे मंद असतील तर दिवा लावलेला असताना मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक दिव्याच्या पांढऱ्या वायरीला, दुसरं लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थचा रस्ता खराब आहे. एकदशांश-दोनदशांश चालतो. तसंच पॉझिटिव्हकडेही मोजता येतं: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या फीडपर्यंत.

थोडा व्होल्टेज लांबीमुळेही पडतोच. १६ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध हजार फुटांना चार ओहमच्या आसपास. ४० फूट वायरीतून टपाचे २.७ अँपिअर गेले तर ०.४३ व्होल्ट वायरीतच जातात. हे चालून जातं. पण दोन-तीन व्होल्ट गायब असतील तर तो लांबीचा दोष नाही, गंजाचा आहे.

मागच्या दिव्यांचा सामाईक अर्थ बहुधा मागच्या बंपरच्या आसपास फ्रेमला बोल्टने आवळलेला असतो. चिखल, मीठ आणि रस्त्याचं पाणी सगळं तिथेच उडतं. बोल्ट काढा, फ्रेमचा तेवढा भाग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, नवी टर्मिनल लावा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस किंवा रंग. अनेक गाड्यांचं दुखणं इथेच संपतं, आणि यात एक पॅनेलही उघडावं लागत नाही.

साखळी अर्ध्यात तोडा

फीड येत नाही असं ठरलं तरी एका टोकापासून सरकत जाऊ नका. पाच दिव्यांच्या साखळीत आधी मधला तिसरा तपासा. तिथे फीड असेल तर दोष त्याच्या पलीकडच्या अर्ध्यात, नसेल तर फीड येतो त्या बाजूच्या. हे दिवे समांतर जोडलेले असल्याने एक बल्ब काढल्याने बाकीचे विझत नाहीत. त्यामुळे पहिले दोन लागतात आणि शेवटचे तीन नाहीत असं असेल तर दुसऱ्याच्या मागचा जोड किंवा तिसऱ्याच्या मागचा जोड, दोनच जागा उरतात.

पाचही मेले असतील तर फाटा कुठून काढलाय ते शोधायचं. शक्यता मुख्यतः दोन. पुढच्या दिव्यांसाठी डॅशबोर्डखाली हेडलाइट स्विचच्या वायरीवर, किंवा बॉनेटखाली पुढच्या पार्किंग लाइटच्या वायरीवर. मागच्यांसाठी फ्रेमच्या मागच्या टोकाला, टेल लाइटच्या वायरीवर. तिथे बहुतेक वेळा निळा किंवा लाल, चिमट्यासारखा दाबायचा वायर-टॅप सापडतो. हा टॅप वायरीचं आवरण कापून आतल्या तारांना टेकतो आणि त्याच फटीतून पाणी आत घेतो. बाहेरून तो शाबूत दिसतो, आतल्या तारा काळ्या भुकटीत गेलेल्या असतात. गाडीखाली असा टॅप दिसला की कापून टाकून नीट जोड करावा. चालतोय म्हणून ठेवू नका, पुढच्या पावसाळ्यात तो जाणारच.

मागे ट्रेलरचं सॉकेट असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहा. चार तारांचं असो वा सातचं, ते टेलच्याच वायरीवर जोडलेलं असतं आणि त्याचा आतला भाग हिरवा झालेला नसेल तर नवल. ट्रेलर ओढत नसाल तर तपासापुरतं ते सॉकेट वायरींपासून सोडून टोकं वेगवेगळी टेपने बंद करा. कित्येक न सुटणारे शॉर्ट इथेच सुटतात.

फ्यूज सारखा उडतोय

दहाचा उडाला म्हणून वीसचा घालणं म्हणजे भिंतीतल्या वायरीला फ्यूज बनवणं. फोम आणि प्लायवूडच्या भिंतीत ती पेटली तर गाडी हातची जाते.

त्याऐवजी एक जुनी युक्ती. ११५६ चा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याच्या दोन वायरींना उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांच्या मापाच्या टर्मिनल लावा आणि फ्यूजच्या जागी तो बल्ब बसवा. सगळे मार्कर आणि टेलचे बल्ब आधी काढून ठेवा. आता पार्किंग लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने लागेल, पण करंट दोन अँपिअरच्या आसपासच राहील, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजमागून फ्यूज वाया जात नाहीत. मग एकेक भाग सोडत जा: ट्रेलर सॉकेट, मागचा फाटा, पुढचा फाटा. ज्या क्षणी बल्ब विझला, त्या भागात शॉर्ट. नंतर त्या भागातल्या वायरी हलवा. बल्ब लुकलुकला की हात नेमक्या जागी आहे.

बल्ब आधी काढायचे, याला कारण आहे. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या मानाने अगदी कमी असतो. दहा १९४ बल्ब समांतर असले की मीटर अर्धा-एक ओहम दाखवतो आणि बझर वाजतो. नवखा माणूस म्हणतो, शॉर्ट सापडला. काही सापडलेलं नसतं.

खरा शॉर्ट कुठे असतो? फ्रेमच्या भोकातून जाणारी वायर, जिचं रबरी ग्रोमेट (भोकातली कडी) गळून पडलं आहे. एक्झॉस्टजवळ वितळलेलं आवरण. उंदराने कुरतडलेली जागा. आणि आधीच्या मालकाने भिंतीत घुसवलेला स्क्रू: ऑनिंगचा (बाहेर सावलीसाठी उघडायच्या छपराचा), टीव्हीच्या ब्रॅकेटचा, टॉवेलच्या दांडीचा. शॉर्ट कधी सुरू झाला हे मालकाला विचारता आलं आणि उत्तर «ऑनिंग बसवल्यापासून» असं आलं, तर टोन जनरेटर बाहेर काढायचीही गरज नाही.

भिंतीतली वायर ऐकणं

टोन जनरेटर वापरायचा तर वायरीची दोन्ही टोकं सोडा आणि तिच्यावरचे बल्ब काढा, नाहीतर आवाज फिलामेंटमधून अर्थला निघून जातो. एक क्लिप वायरीला, दुसरी फ्रेमला. करंट असलेल्या वायरीला हे यंत्र लावायचं नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून बाहेरून ऐकायला गेलात तर आवाज धड येत नाही, म्हणून प्रोब आतल्या बाजूने, कपाटात आणि छताच्या कोपऱ्यात फिरवा. वायर बहुधा छताच्या कडेने किंवा कोपऱ्यातल्या खांबाजवळून चढते. आवाज जिथे एकदम बसतो तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणेच्या आसपास बाहेरून एखादा स्क्रू आहे का ते पाहा.

काळ्या रंगाचे तीन अर्थ

चासीच्या वायरींचे रंग बऱ्यापैकी भरवशाचे. जुन्या ई-३५० च्या मागच्या भागात टेलची तपकिरी, डाव्या इंडिकेटर-ब्रेकची फिकट हिरवी आणि तिच्यावर नारिंगी रेघ, उजव्याची नारिंगी आणि तिच्यावर फिकट निळी रेघ, रिव्हर्सची काळी आणि गुलाबी रेघ, अर्थची काळी. शेवरोलेत टेल तपकिरीच, डावा पिवळा, उजवा गडद हिरवा, रिव्हर्स फिकट हिरवा. चासी संपून कोच सुरू झाला की रंगांवरचा विश्वास संपवा. तिथे ज्याने त्याने हाताशी असलेली रिळं वापरली आहेत. विनेबॅगोसारख्या काही कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांचे वायरिंगचे नकाशे मिळतात, ते आधी शोधा. पण नकाशा आणि गाडी यांत फरक पडला तर गाडी खरी.

काळ्या वायरीपाशी मात्र थांबा. फोर्डच्या चासीत काळी म्हणजे अर्थ. कोचच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये पुष्कळदा काळी म्हणजे पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. आणि १२० व्होल्टमध्ये काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. भारतात घरचं वायरिंग पाहिलेल्या माणसाचा हात इथे चुकतो, कारण आपल्याकडे काळी न्यूट्रल. ओळखायची खूण अशी: १२० व्होल्टच्या वायरी एका चपट्या आवरणात तिघी एकत्र असतात आणि आत बहुधा तांब्याची एकच जाड तार असते, १२ व्होल्टच्या सुट्या आणि बारीक धाग्यांच्या. चपटं आवरण दिसलं की बाहेरची केबल, जनरेटर, इन्व्हर्टर बंद असल्याची पुन्हा खात्री केल्याशिवाय कापू नका.

जुनी सोडा, नवी टाका

भिंतीतली वायर खरंच गेली असेल तर ती ओढून काढायच्या फंदात पडू नका. पत्रा चढवण्याआधी ती सांगाड्याला स्टेपलने ठोकलेली किंवा फोममध्ये दाबलेली असते, ओढली तर तुटते आणि सोबत शेजारचीही जाते. दोन्ही टोकं कापून बंद करा आणि नवी वायर वेगळ्या वाटेने न्या. मागच्यांसाठी टेल लाइटच्या पोकळीतून कपाटाच्या कोपऱ्यात, तिथून छताच्या कडेने वर. पुढच्यांसाठी डॅशबोर्डखालून केबिनच्या पुढच्या खांबाच्या कव्हरआडून पलंगाच्या भागात. तिथे गादीखाली आणि पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यात वायर लपवायला जागा असते.

१६ गेज, बारीक धाग्यांची गाडीची वायर पुरते. टिनचा मुलामा असलेली बोटींची मिळाली तर उत्तम. पाच-दहा १९४ बल्बांसाठी फाट्याजवळच ५ अँपिअरचा फ्यूज. दर दीड फुटाला क्लिप, पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट. फीडबरोबर अर्थचीही पांढरी वायर न्या. पत्र्यातल्या स्क्रूवर पुन्हा भिस्त ठेवायची नाही.

जोडासाठी निळा गोंदवाला बट कनेक्टर, १६-१४ गेजचा. पाव ते तीनअष्टमांश इंच आवरण सोला, धागे पिळून आत सरकवा, दाबा, हाताने जोरात ओढून पाहा, मग हीट गनने दोन्ही कडांतून गोंद बाहेर येईपर्यंत तापवा. घरच्या वायरिंगमधल्या पिळायच्या टोप्या इथे नकोत, धक्क्यांनी त्या सैल होतात. जुन्या वायरीचं टोक सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावरचा जोड म्हणजे पुढच्या वर्षीचं काम.

दिवा परत बसवताना

पाणी दिव्यात शिरतं आणि मग तिथून भिंतीत उतरतं. जुनं सीलंट खरवडून जागा स्पिरिटने पुसा, दिव्याच्या बुडाखाली ब्युटाइल टेप, वायरीच्या भोकालाही त्याचा गोळा. वरच्या आणि बाजूच्या कडेला सीलंट लावा, खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी बाहेर पडतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्याची वाफ पितळ आणि तांबं खाते. टपावर आपोआप पसरणारं सीलंट मिळतं ते आडव्या पृष्ठभागासाठी. उभ्या भिंतीवर लावलं तर सकाळपर्यंत ओघळ दिसतील. उभ्यासाठी न ओघळणारं घ्या.

एलईडी घालायचे असतील तर वायरिंग दुरुस्त झाल्यावर घाला, आधी नाही. त्यांना इतका कमी करंट लागतो की खराब जोडावरही ते लागतात आणि दोष झाकला जातो. १९४ च्या जागी घातलेला एलईडी लागला नाही तर काढून उलटा खुपसून पाहा, त्याला प्लस-मायनस असतो. इंडिकेटरमध्ये एलईडी घातल्यावर तो भराभर लुकलुकला किंवा नुसताच लागून राहिला तर जुना तापून चालणारा फ्लॅशर बदलून इलेक्ट्रॉनिक बसवावा लागतो.

सीलंट वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, बागेच्या पाइपने प्रत्येक दिव्यावर वरून पाच मिनिटं पाणी सोडा आणि आतून कपाटाचे कोपरे हाताने चाचपा. कोरडे असतील तर संध्याकाळी पुन्हा तोच तक्ता घेऊन गाडीभोवती फिरा. तो तक्ता, फाट्यांच्या जागा आणि नव्या वायरीचा मार्ग लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.